पेशींमधली गुलाबी जागा : अंडाशयाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांच्या. राहणार लालबाग, घरून पोळीभाजी केंद्र चालवतात. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) पाळी जाऊन सात वर्षं झालेली, दोन बाळंतपणं, घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाल्याचं माहीत नाही. तक्रार एकच, पोट. दोन घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं. हातपाय वाळत चालले होते आणि परकराची नाडी मात्र दर पंधरा दिवसांनी सैल बांधावी लागत होती. श्रावणात सुरू झालेलं हे दुखणं त्यांनी गणपतीपर्यंत अंगावर काढलं. त्या दिवसांत लालबागमध्ये पोळ्यांची ऑर्डर नाकारायची म्हणजे वर्षाच्या कमाईवर पाणी सोडायचं. गॅसच्या गोळ्या संपल्या की पुन्हा त्याच आणायच्या, असं दसऱ्यापर्यंत चाललं. मग चाळीचा जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. पोटात भरपूर पाणी निघालं, आणि आतड्यांवरून खाली लोंबणारा चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, जाड झालेला दिसला.

मुंबईत पोटात पाणी आणि जाड ओमेंटम दिसलं की पहिलं नाव टीबीचं निघतं, आणि ते वावगं नाही. इथे टीबी आहेच तेवढा. पोटाच्या टीबीत सीए-१२५ हे रक्तातलं मार्करही वाढतं, त्यामुळे त्याचा आकडा पाहूनही दोन्हींतला फरक करता येत नाही. या बाईंच्या पाण्यातलं एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक विकर (एन्झाइम), थोडं वर होतं. तेवढ्यावर एका डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. पाणी सायटॉलॉजीला, म्हणजे पेशींच्या तपासणीला, गेलंच नाही. तीन आठवडे गेले. पोट पुन्हा भरलं, भूक पार मेली, आणि मग मुलाने त्यांना परळला आमच्या रुग्णालयात आणलं. पोटातलं पाणी काढायचं ठरलं की त्यातली एक बाटली आमच्याकडे, पॅथॉलॉजीत, यायलाच हवी, हे मी निवासी डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी नव्याने सांगते. सुई एकदाच टोचायची असते, बाटली भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसऱ्यांदा काढलेलं पाणी आमच्या प्रयोगशाळेत आलं. किंचित गढूळ, पिवळट-लालसर. सेंट्रिफ्यूजमधून फिरवून तळाशी बसलेला गाळ काचेवर पसरला. सुट्या पेशी थोड्याच होत्या, बाकी सगळे गोळे. कुठे आठदहा पेशींचे, कुठे शंभराच्या वर, कडा गुळगुळीत, आतल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. गाळाचा सेल ब्लॉक केला, म्हणजे काप घेता येईल अशी मेणाची वडी. अंडाशय-नलिकेकडे बोट दाखवणारी पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ ही प्रथिनं दोन्ही पॉझिटिव्ह आली, पी-५३ हे प्रथिन प्रत्येक केंद्रकात गडद, म्हणजे बिघडलेलं. सीए-१२५ होतं १,८४०, म्हणजे खूपच वाढलेलं; आतड्याच्या कर्करोगात वाढणारं सीईए अगदी साधं. सीटी स्कॅनमध्ये ओमेंटल केक, म्हणजे थापीसारखं घट्ट झालेलं ओमेंटम, छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या, डायफ्रामच्या, उजवीकडे खालच्या बाजूला थर, आतड्यांच्या पडद्यावर बारीक दाणे. अंडाशयं मात्र जेमतेम वाढलेली, मोठं होतं ते चार सेंटिमीटर. सोनोग्राफीखाली ओमेंटमची सुईने बायोप्सी घेतली आणि निदान पक्कं झालं: हाय-ग्रेड सिरस कार्सिनोमा, अंडाशयाच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा आक्रमक प्रकार, स्टेज तीन-सी, म्हणजे पोटभर पसरलेला. एकेटी बंद केलं.

पहिल्या दिवशी ऑपरेशन केलं तर सगळं निघेल असं सर्जनना वाटेना. म्हणून आधी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांचे तीन डोस, एकवीस-एकवीस दिवसांनी, मग ऑपरेशन, मग उरलेले तीन डोस असं ठरलं. तिसऱ्या डोसनंतर सीए-१२५ ६२ वर आलं. ऑपरेशनमध्ये गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि नलिका, अख्खं ओमेंटम, उजव्या डायफ्रामवरचं पोटाचं अस्तर, सगळं काढलं. डोळ्यांना दिसेल असं काही मागे ठेवलं नाही. बीआरसीए या आनुवंशिक कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांची तपासणी निगेटिव्ह आली. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला.

इथवरचं प्रकरण परळच्या कुठल्याही वॉर्डात आठवड्याला भेटेल. मी ते लिहायला घेतलं ते पुढच्या भागासाठी. या बाईंच्या आजाराने जी जी वळणं घेतली, त्यातल्या जवळपास प्रत्येक वळणावर निर्णायक गोष्ट कर्करोगाच्या पेशींच्या बाहेर होती, आणि आमच्या रिपोर्टात मात्र त्या बाहेरच्या गोष्टीला एक ओळही धड मिळत नाही.

ऑपरेशननंतरचं ओमेंटम टेबलावर आलं तेव्हा बराचसा भाग मऊ, पिवळा झाला होता. मधूनमधून पांढरट, कडक पट्टे. त्या पट्ट्यांवर सुरी अडते, आणि कॅल्शियमचे कण असतील तर करकर असा बारीक आवाज येतो. सहा ठिकाणचे तुकडे घेतले. आम्ही वापरतो तो नेहमीचा रंग एच अँड ई. त्यात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि पेशींच्या मधलं बहुतेक सगळं गुलाबी. पॅथॉलॉजी शिकताना डोळ्यांना निळ्यामागे धावायची सवय लावली जाते. केंद्रक केवढं, किती वेडंवाकडं, किती विभाजनं. गुलाबीला आम्ही स्ट्रोमा म्हणतो आणि पुढे सरकतो. या स्लाइडवर निम्म्याहून जास्त जागा त्या गुलाबीने व्यापली होती. लाटालाटांचे जाड पट्टे, त्यात अडकलेल्या चरबीच्या पेशी चेपून बारीक झालेल्या, आणि पट्ट्यांच्या खाचांत कर्करोगाच्या पेशींचे पाचदहांचे पुंजके.

ही गुलाबी जागा म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, व्हिट्रोनेक्टिन अशा प्रथिनांचं जाळं, आणि त्यात पाणी धरून ठेवणारे हायल्युरोननसारखे लांबलचक शर्करा-रेणू. माणसाच्या शरीरात एकट्या कोलॅजनचेच २८ प्रकार आहेत. मॅट्रिक्सच्या गाभ्यातल्या प्रथिनांची यादी साधारण ३००च्या घरात जाते. पेशी या जाळ्याला इंटिग्रिन नावाच्या रेणूंनी धरून असतात. ते जोडीने काम करतात, माणसात अशा २४ जोड्या आहेत. हे धरणं नुसतं चिकटून बसणं नव्हे. इंटिग्रिनने काय धरलंय, ते किती ताठ आहे, ही खबर आत पोचते आणि त्यावर पेशी जगायचं, वाढायचं की मरायचं ठरवते. पकड सुटलेली पेशी एरवी काही तासांत, फार तर एखाददोन दिवसांत मरते. या मरणाला ॲनॉइकिस असं नाव आहे.

ऑपरेशनचा रिपोर्ट गेल्यावर रुग्णाच्या सूनबाई दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणि स्लाइड न्यायला आल्या. परळमध्ये हे रोजचंच आहे, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये. पाकिटावर सही करता करता त्यांनी विचारलं, "मॅडम, अंडाशय तर चार सेंटिमीटरचं होतं. मग आमच्या आईंच्या पोटभर कसं पसरलं? आणि पोटातच का राहिलं?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाची दोन टोकं आहेत आणि दोन्ही महत्त्वाची. पहिलं टोक असं, की सुरुवात बहुधा अंडाशयात झालीच नव्हती. गर्भनलिकेचं झालरीसारखं टोक आम्ही हल्ली ठरलेल्या पद्धतीने उभे बारीक काप घेऊन पूर्ण तपासतो. उजव्या नलिकेच्या टोकाला जेमतेम दोन मिलिमीटरचा एक पट्टा सापडला, पी-५३ने गडद रंगलेला, अजून खाली न उतरलेला. हाय-ग्रेड सिरसचं मूळ बहुतेकदा असंच नलिकेत सापडतं. टीसीजीए या कर्करोगांची जनुकं वाचणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाने २०११ साली ४८९ ट्यूमर तपासले. त्यातल्या ३१६ ट्यूमरमधली जनुकं वाचली, तेव्हा ९६ टक्क्यांत टीपी-५३ हे पी-५३ प्रथिनाचं जनुक बिघडलेलं होतं. नलिकेतून सुटलेल्या पेशी अंडाशयावर का बसतात, तर तिथेही बाहेरची जागाच कारण असावी. अंडं सुटताना अंडाशयाचं वरचं आवरण फाटतं आणि खालचं कोलॅजन काही काळ उघडं पडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सोडलेल्या ट्यूमर पेशी अशा ताज्या जखमेकडे जास्त जाताना दिसल्या आहेत.

दुसरं टोक म्हणजे पोट. आपल्या पोटात सदैव थोडं द्रव असतं आणि ते एका जागी थांबत नाही. श्वासाबरोबर डायफ्राम वरखाली होतो, आतडी हलतात, आणि द्रव उजव्या बाजूने वर सरकत यकृताच्या मागून उजव्या डायफ्रामपाशी पोचतं. या बाईंच्या उजव्या डायफ्रामवर थर होता तो त्यामुळे. पण वाहत जाऊन पोचणं वेगळं आणि तिथे ठाण मांडणं वेगळं. पोटाच्या अस्तरावर मेसोथेलियल पेशींचा एकच थर असतो, फरशी बसवल्यासारखा नीट. त्याखाली लॅमिनिन आणि कोलॅजन-४ची पातळ बेसमेंट मेम्ब्रेन, आणि तिच्याखाली कोलॅजन-१, कोलॅजन-३, फायब्रोनेक्टिन. कर्करोगाच्या पेशीला पकड हवी असते ती या खालच्या थराची, आणि वर मेसोथेलियमची आडकाठी.

ती आडकाठी कशी दूर होते यावर गेल्या वीसेक वर्षांत चांगलं काम झालं आहे. शिकागो विद्यापीठात हिलरी केनी आणि अर्न्स्ट लेंगेल यांनी २००८ साली दाखवलं, की चिकटू पाहणारी पेशी एमएमपी-२ हे विकर वापरून फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिनचे तुकडे करते, आणि त्या तुकड्यांवर तिची पकड उलट पक्की बसते. हार्वर्डमध्ये जोन ब्रुगे यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवलं, की पेशींचे गोळे अल्फा-५ बीटा-१ या इंटिग्रिनने फायब्रोनेक्टिन धरतात आणि मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर मेसोथेलियल पेशींना अक्षरशः बाजूला ओढून वाट करतात. मला सगळ्यांत चटका लावून गेलं ते शिकागोच्याच गटाचं २०१४चं काम. ट्यूमर पेशी टीजीएफ-बीटा हा संदेश देणारा रेणू सोडतात, आणि तो मिळाल्यावर मेसोथेलियल पेशी स्वतःच फायब्रोनेक्टिन तयार करून बाहेर टाकायला लागतात. म्हणजे ज्यांनी वाट अडवायची, त्याच पाय रोवायला आधार पुरवतात.

आणि काचेवर दिसलेले ते गोळे? पाण्यात तरंगताना पकड नाही म्हणजे मरण ठरलेलं, पण गोळ्यात पेशी एकमेकींना धरतात आणि आपल्यापुरतं थोडं मॅट्रिक्स स्वतःभोवती तयार करतात. त्यामुळे ॲनॉइकिस टळतो. गोळ्याच्या पोटातल्या पेशींपर्यंत औषधही कमी पोचतं. सायटॉलॉजीचा रिपोर्ट देताना आम्ही 'क्लस्टर्स' असा एक शब्द लिहितो आणि मोकळे होतो.

सीए-१२५चंही असंच आहे. रॉबर्ट बॅस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली शोधलेल्या अँटिबॉडीने हे मार्कर ओळखलं गेलं; नंतर कळलं की ते एमयूसी-१६ या प्रचंड मोठ्या म्युसिनचा, म्हणजे शर्करा-रेणूंनी मढलेल्या प्रथिनाचा, भाग आहे. हा मॅट्रिक्सचा रेणू नव्हे, पेशीच्या आवरणावरचा. पण मेसोथेलियल पेशींवर मेसोथेलिन नावाचं प्रथिन असतं आणि एमयूसी-१६ त्याला जाऊन चिकटतं. नातेवाईक ज्या आकड्याकडे दर महिन्याला श्वास रोखून बघतात, तो रेणू मुळात पोटाच्या अस्तराला पहिलं चिकटण्याच्या कामातला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सूनबाईंनी ओघात हेही विचारलं, की मग आम्ही बाकीच्या बायकांनी दरवर्षी सीए-१२५ करावं का. नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या यूकेसीटॉक्स या चाचणीचा दीर्घकालीन निकाल २०२१ मध्ये आला. अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत.

'पोटातच का राहिलं' याला एक जुनं आणि विलक्षण उत्तर आहे. पोटातलं पाणी वारंवार काढावं लागू नये म्हणून पूर्वी काही रुग्णांत नळी घालून ते पाणी थेट मानेतल्या शिरेत सोडत. म्हणजे कर्करोगाच्या लाखो जिवंत पेशी रोज रक्तात. १९८४ साली डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची शवविच्छेदनं प्रसिद्ध केली. बऱ्याच जणांत इतर अवयवांत आजार पसरलेलाच नव्हता, आणि काहींत होता तोही अगदी बारीक, वाढ न झालेला. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये बी आणि माती असा दृष्टान्त दिला होता: बी कुठेही पडलं तरी मानवणाऱ्या मातीतच रुजतं. त्याला माणसात याहून थेट पुरावा मिळणं अवघड. उलट बाजूने, अनिल सूद यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं की ट्यूमर पेशी रक्तातून फिरून आल्या तरी त्यांचा पहिला मुक्काम ओमेंटमच. तिथे मॅट्रिक्स आहे, रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके आहेत, आणि चरबी आहे. ती चरबी या पेशी इंधन म्हणून वापरतात, हे लेंगेल यांच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं.

सूनबाईंना मी यातलं अर्धंही सांगितलं नाही. त्यांना सांगितलं, आजार रक्तातून नाही, पोटातल्या पाण्यातून फिरला आणि जिथे चिकटायला जागा मिळाली तिथे वाढला. त्यांनी मान हलवली आणि पार्किंगचे पैसे वाढतायत म्हणून निघाल्या.

आता केमोकडे. ओमेंटमवर केमोचा किती परिणाम झाला हे मोजायला सीआरएस नावाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे, २०१५ साली लंडनच्या गटाने मांडलेली. एक म्हणजे जवळपास काहीच परिणाम नाही, तीन म्हणजे पेशी उरल्याच नाहीत किंवा दोन मिलिमीटरपर्यंतचे तुरळक पुंजके. या बाईंचा स्कोअर दोन. तो देताना खरी पंचाईत होते ती गुलाबीचीच. केमोने पेशी मेल्या की तिथे व्रण उरतो, आणि तो व्रण कोलॅजनचा असतो. पण जिवंत ट्यूमरही आपल्याभोवती कोलॅजन जमवतो, त्याला डेस्मोप्लासिया म्हणतात. दोन्ही गुलाबीच दिसतात. व्रणाजवळ फेसाळ मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी, कॅल्शियमचे सुटे पडलेले कण असतात. डेस्मोप्लासियात बहुधा नसतात. या बाईंच्या सहापैकी चार तुकड्यांत व्रणाची लक्षणं स्पष्ट होती. उरलेल्या दोनांत नव्हती. तिथले पट्टे ताजे, पेशींना घट्ट वेढलेले, आणि त्यातल्या ट्यूमर पेशी टवटवीत. रिपोर्टात गेलं ते एवढंच: 'सीआरएस २'.

हे मॅट्रिक्स औषधाला अडवतं का? अडवतं, पण एकाच रीतीने नाही आणि नेहमीच नाही. दाट कोलॅजनमुळे रक्तवाहिन्या दबतात, औषध आत कमी शिरतं, ही एक गोष्ट. दुसरी थेट आहे. २००३ साली सिस्प्लॅटिनला, म्हणजे कार्बोप्लॅटिनच्याच जातीच्या प्लॅटिनम औषधाला, न जुमानणाऱ्या अंडाशय-कर्करोगाच्या पेशींत कोलॅजन-६ भरपूर वाढलेलं आढळलं, आणि पेशी कोलॅजन-६वर वाढवल्या तर औषधाला आणखी दाद देईनात. लगेच मॅट्रिक्सला खलनायक ठरवायचा मोह होतो. पण २००७ साली केंब्रिजच्या गटाने नेमकं उलट दाखवलं: टीजीएफबीआय हे मॅट्रिक्समधलंच प्रथिन असेल तर पॅक्लिटॅक्सेल जास्त चांगलं लागू पडतं, आणि ते हरवलं की पेशी निर्ढावतात. म्हणजे मॅट्रिक्स किती आहे यापेक्षा कशाचं आहे हे बघायला हवं. लंडनमधल्या फ्रान्सिस बॉल्कविल यांच्या गटाने २०१८ मध्ये ओमेंटमचे नमुने घेऊन त्यांतली जनुकं, प्रथिनं आणि कडकपणा एकत्र मोजला आणि मॅट्रिक्सच्या २२ जनुकांचा एक निर्देशांक काढला. तो जास्त असलेल्या रुग्णांचं पुढे वाईट झालं, अंडाशयाच्याच नव्हे तर इतर बारा प्रकारच्या कर्करोगांतही. आमच्यासारख्या रोजच्या प्रयोगशाळेत हा निर्देशांक कुणी मागत नाही, आणि आज मागावा असं मी म्हणणारही नाही. त्यावर औषध ठरत नाही.

सहा डोस पूर्ण झाले, सीए-१२५ १४ वर गेलं. बाई पुन्हा केंद्रावर बसायला लागल्या. लाटायचं काम सूनबाईंकडे, हिशेब यांच्याकडे. नऊ महिन्यांनी आकडा ४१० झाला. स्कॅनमध्ये डायफ्रामपाशी, आतड्यांच्या पडद्यावर आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या भिंतीवर नवे दाणे होते, पाणी थोडंसं. पोटाच्या भिंतीजवळच्या दाण्यातून सुईने तुकडा घेतला. हा नेहमीच्या रंगाबरोबरच मी मॅसन ट्रायक्रोमनेही रंगवला, त्यात कोलॅजन निळं दिसतं. शेजारी पहिल्या बायोप्सीचा तसाच रंगवलेला काप ठेवला. पहिल्यात निळ्या रेषा विरळ, पेशींच्या मोठ्या चादरींमधून गेलेल्या. दुसऱ्यात निळं जास्त आणि पेशी कमी, एकेका पेशीपर्यंत निळी रेष पोचलेली. फरक कुणालाही दिसावा इतका होता. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही: एकच रुग्ण, सुईचे दोन तुकडे, वेगवेगळ्या जागांचे, आणि मधे सहा केमो, ज्या स्वतःच व्रण मागे ठेवतात. विद्यार्थ्यांना मी हे कापच दाखवते आणि हेच बजावते.

ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे सगळ्या शाखांचे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात त्या बैठकीच्या, दिवशी मुलगा दोन प्रिंटआउट घेऊन आला होता. एक लोसार्टनवर. बॉस्टनच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं होतं, की ही रक्तदाबाची साधी गोळी उंदरांतल्या अंडाशयाच्या ट्यूमरमधलं मॅट्रिक्स कमी करते, केमो आत जास्त पोचते आणि पोटातलं पाणीही कमी होतं. "डॉक्टर, आईला बीपीची ॲम्लोडिपिन चालू आहेच. ती बदलून ही देता येईल का? स्वस्तही आहे." प्रश्न हुशारीचा होता आणि बोर्डावर त्याला झटकून टाकलं गेलं नाही, याचं मला बरं वाटलं. उत्तर मात्र नाही असंच होतं. उंदरांवरचा पुरावा आहे. बाईंचं बीपी नीट ताब्यात आहे. केमोत उलट्या-जुलाब झाले की या गोळीने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि कार्बोप्लॅटिनचा डोस तर मूत्रपिंडाच्या कामावरच बेतलेला असतो.

दुसरा कागद डिफॅक्टिनिबचा. इंटिग्रिनने बाहेर पकड घेतली की आतल्या बाजूला एफएके हे विकर जागं होतं, त्याला हे औषध दाबतं. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अव्हुटोमेटिनिबबरोबर त्याला मान्यता मिळाली आहे, पण लो-ग्रेड सिरस प्रकारासाठी, उलटलेल्या आणि केरास जनुकात बदल असलेल्या आजारासाठी. हा हाय-ग्रेड. नावात एका शब्दाचा फरक असला तरी ते दोन वेगळे आजार आहेत. मुलगा निराश झाला, साहजिक आहे.

मॅट्रिक्सवर थेट औषधं आधी झालीच नाहीत असं नाही. एमएमपी विकरं रोखणारं टॅनोमास्टॅट या कर्करोगात मोठ्या चाचणीत तपासलं गेलं, रुग्णांना काही लाभ झाला नाही. अल्फा-५ बीटा-१ इंटिग्रिन अडवणारी व्होलोसिक्सिमॅब ही अँटिबॉडी प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या रुग्णांत एकटी दिली गेली, २०११ मध्ये निकाल आला, परिणाम नाही. माझ्या मते यात फारसं आश्चर्य नाही. पेशी पहिल्यांदा चिकटतात तेव्हा जे कुलूप महत्त्वाचं, ते पोटभर दाणे झाल्यावर बंद करून काय उपयोग? आणि एक इंटिग्रिन अडवलं तर पेशीकडे दुसरी असतात. चाचण्या मात्र होतात त्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांवरच, कारण नवं औषध आधी त्यांनाच देता येतं.

बोर्डाने ठरवलं ते असं. शेवटच्या डोसला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेला, म्हणून प्लॅटिनम पुन्हा द्यायचं: कार्बोप्लॅटिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, दर चार आठवड्यांनी. बेव्हॅसिझुमॅबवर जास्त वेळ चर्चा झाली. रक्तवाहिन्या झिरपायला लावणाऱ्या व्हीईजीएफला ते रोखतं, पोटातल्या पाण्यावर त्याचा चांगला गुण येतो, आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त रूपंही मिळतात. पण आतड्याच्या भिंतीवरच आजार असताना त्याने आतड्याला भोक पडायचा धोका वाढतो. सर्जनांनी स्कॅन पुन्हा लावून तो दाणा दाखवला आणि बेव्हॅसिझुमॅब तूर्त बाजूला ठेवलं. तीन डोसांनंतर सीए-१२५ ९६ वर आलं, पाणी गेलं, आतड्याजवळचा दाणा लहान झाला. पुढचे तीन डोस चालू आहेत.

दुसऱ्या बायोप्सीच्या रिपोर्टात मी नेहमीच्या निदानाखाली स्ट्रोमाबद्दल तीन ओळी घातल्या: कोलॅजनचं प्रमाण, त्याची ठेवण, सोबत केमोच्या व्रणाची लक्षणं आहेत की नाहीत. संध्याकाळी ऑन्कोलॉजिस्टचा फोन आला, "याचं मी काय करायचं?" म्हटलं, आज काहीच नाही. दोन्ही वेळचे ब्लॉक राखून ठेवले आहेत, संशोधनासाठी वापरायची संमती बाईंनी सही करून दिली आहे, आणि पुन्हा पाणी भरलंच तर एक बाटली माझ्याकडे पाठवा.